चार महिने हलत राहिलेला पूल

अमेरिकेतल्या टॅकोमाचा झुलता पूल १९४० मध्ये पडला, पण त्याच्या आधी त्याला वाचवायचे प्रयत्न कित्येक महिने चालू होते, ही गोष्ट सहसा कुणी सांगतच नाही. तो पडतानाची फिल्म मात्र सगळ्यांनी पाहिलेली असते. डेक, म्हणजे पुलाचा रस्ता, पिळवटतोय, त्यावर एक गाडी अडकलीये, मग मधला तुकडा सुटून पाण्यात जातो, आणि बघणाऱ्याला वाटतं की बापरे, काय हे अचानक झालं. अचानक काहीच झालेलं नव्हतं. पूल हलतो हे तो बांधत असतानाच कामगारांना कळलं होतं, डेकवर काम करताना मळमळायचं म्हणून ते लिंबू चघळायचे. उद्घाटनाच्या आधीच टॉवर आणि डेकच्या मध्ये हायड्रॉलिक बफर बसवले होते, म्हणजे हालचाल शोषून घेणारे दट्टे. आणि मग रंग द्यायच्या आधी पोलाद साफ करायचं म्हणून सँडब्लास्टिंग केलं, त्यात बफरची सीलं खराब झाली आणि ते कामातून गेले. या सगळ्या प्रकरणात मला हा तपशील सगळ्यात खरा वाटतो, कारण ज्यांनी कुठल्याही मोठ्या कामावर थोडे दिवस काढलेत त्यांना माहितीये की असंच होतं, एक टीम काहीतरी बसवून जाते आणि दुसरी टीम आपलं काम चोख करताना ते बिघडवून ठेवते, चूक कुणाची म्हणायची तर कुणाचीच नाही.

पुढचे उपायही ऐका. मधल्या स्पॅनच्या, म्हणजे दोन टॉवरमधल्या भागाच्या, बरोबर मध्यावर मुख्य केबल आणि डेक यांना जोडणारे तिरके ताण दिले. ऑक्टोबरमध्ये बाजूच्या स्पॅनना पोलादी दोर बांधून ते जमिनीवरच्या मोठमोठ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांत अडकवले. नोव्हेंबर लागताच वादळात त्यातला दोर तुटला, परत बांधला. म्हणजे पूल वापरात होता, लोक जात-येत होते आणि दुसरीकडे त्याला धरून ठेवायचं काम चालू होतं.

आता पुलाबद्दल थोडं, म्हणजे चित्र डोळ्यासमोर राहील. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन राज्य, तिथे प्युजेट साउंड नावाचा समुद्राचा फाटा आत घुसलेला आहे, त्याची एक चिंचोळी खाडी म्हणजे टॅकोमा नॅरोज. एका बाजूला टॅकोमा शहर, दुसऱ्या बाजूला किटसॅप द्वीपकल्प. १ जुलै १९४० ला पूल उघडला. मधला स्पॅन २८०० फूट, म्हणजे ८५३ मीटर, त्यावेळी जगात तिसरा. पहिला गोल्डन गेट, दुसरा न्यूयॉर्कचा जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज. पण ते दोघं दणकट, रुंद, आणि हा मात्र फक्त दोन लेनचा. दोन केबलमधलं अंतर ३९ फूट आणि डेकच्या दोन्ही कडांना उभे पत्र्याचे गर्डर, म्हणजे लांब तुळया, फक्त ८ फूट उंचीचे. २८०० फूट लांबीला ८ फूट जाडी म्हणजे ३५० ला १. दिसायला अप्रतिम होता हे मान्य करायलाच पाहिजे, जुने फोटो बघितले तर पाण्यावर नुसती एक रेघ ओढल्यासारखा दिसतो, आणि त्या काळात तेच सौंदर्य मानलं जात होतं, जितका बारीक तितका आधुनिक.

लोकांनी त्याला 'गॅलपिंग गर्टी', म्हणजे चौखूर उधळणारी गर्टी, असं नाव ठेवलं. थोडासा वारा सुटला तरी डेकवर लाटा उठायच्या, पुढची गाडी खोलगट भागात गेली की दिसेनाशी व्हायची आणि परत वर यायची, आणि काही लोक खास ते अनुभवायला लांबून गाडी घेऊन यायचे. हे वाचून हसू येतं खरं, पण मी त्या लोकांना वेडं म्हणणार नाही. त्यांना इंजिनिअर लोकांनी सांगितलं होतं की पूल सुरक्षित आहे, आणि इंजिनिअर खोटंही बोलत नव्हते, त्यांनाही तसंच वाटत होतं. झुलता पूल थोडा हलतोच, हे बरोबरच आहे की.

इतका सडपातळ का केला, तर पैसा आणि सिद्धांत, दोन्ही. राज्याच्या हायवे खात्यातला इंजिनिअर क्लार्क एल्ड्रिज याने आधी एक डिझाइन केलं होतं, त्यात डेकला २५ फूट उंचीचे ट्रस होते, म्हणजे पोलादाच्या त्रिकोणी जाळीची जाड चौकट. खर्च ११ मिलियन डॉलर. पण केंद्राकडून पैसे देणाऱ्या पब्लिक वर्क्स अॅडमिनिस्ट्रेशनला ते जास्त वाटले, बाहेरचे नामांकित सल्लागार घ्या म्हणाले, आणि मग न्यूयॉर्कहून लिऑन मॉइसिफ आले. त्यांनी सांगितलं की एवढ्या जाड ट्रसची गरजच नाही, ८ फुटांचे गर्डर पुरतात, कितीतरी स्वस्तात होईल. आणि मॉइसिफ म्हणजे कुणी येरागबाळा माणूस नव्हता. मॅनहॅटन ब्रिजपासून गोल्डन गेटपर्यंत देशातल्या बहुतेक मोठ्या झुलत्या पुलांत या माणसाचा हात होता, त्यांच्यासमोर राज्याच्या नोकरीतल्या एल्ड्रिजचं कोण ऐकणार.

मॉइसिफ यांच्या हातात जो सिद्धांत होता तो डिफ्लेक्शन थिअरी. मूळ कल्पना ऑस्ट्रियाच्या योसेफ मेलान यांची, मॉइसिफ यांनी ती अमेरिकेत प्रत्यक्ष पुलांना लावली. सोप्या भाषेत असं की पूर्वी लोक समजायचे, गाड्यांच्या वजनाने डेक वाकू नये म्हणून डेक स्वतःच भक्कम पाहिजे. मेलान यांचं गणित सांगतं की मोठ्या पुलात खरा भक्कमपणा केबलमधून येतो. केबलवर आधीच प्रचंड वजन लटकलेलं असतं, ती ताणलेली असते, त्यात एखादा ट्रक आला काय आणि गेला काय, केबलचा आकार फारसा बदलत नाही, त्यामुळे डेकही फारसा वाकत नाही. स्पॅन जितका लांब आणि जड, तितकी डेकच्या कडकपणाची गरज कमी. हे गणित चूक नाही. आजही चूक नाही. पूल पडल्यावर कुणीही असं म्हटलं नाही की मेलान किंवा मॉइसिफ यांची आकडेमोड चुकली. वाऱ्याचंही त्यांनी पाहिलं होतं, आडवा वारा डेकला किती ढकलेल, डेक किती बाजूला सरकेल, हे सगळं त्यांनी काढलं होतं आणि त्या हिशोबाने हा पूल त्या दिवशीच्या वाऱ्याच्या कितीतरी पट वारा सहन करणार होता.

पण ते सगळं वारा म्हणजे एक स्थिर ढकल असं धरून. वारा हलणाऱ्या डेकचं काय करतो, हा प्रश्न त्या गणितात नव्हताच.

आणि 'जड' हा शब्द जो मी वर लिहिला ना, खरी मेख तिथे आहे असं मला वाटतं. जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज १९३१ ला उघडला तेव्हा त्याला ताठ ठेवणारा ट्रस जवळजवळ नव्हताच, खालचा डेक आला तो १९६२ मध्ये. म्हणजे तीस वर्षं तो ३५०० फुटांचा पूल नुसत्या वजनावर उभा राहिला आणि व्यवस्थित राहिला, कारण रुंदीही अफाट आणि वजनही अफाट. हे बघून सगळ्यांना वाटलं की बघा, सिद्धांत खरा ठरला, ट्रस नको. मग तोच आत्मविश्वास घेऊन अरुंद आणि हलका पूल बांधला. एका पुलाच्या यशातून दुसऱ्या पुलाने नेमका चुकीचा भाग उचलला. यात कुणाचा आळस नाही, भ्रष्टाचार नाही, माल कमअस्सल नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते.

झुलता पूल पडला म्हटलं की आपल्याकडे कुणालाही आधी मोरबीच आठवणार, आठवायलाच हवं. ३० ऑक्टोबर २०२२, मच्छू नदी, दुरुस्तीनंतर नुकताच परत उघडलेला जुना पूल, १३० च्या वर माणसं गेली. पण तिथे इंजिनिअरिंगला नवीन शिकण्यासारखं काहीच नव्हतं. गंजलेली केबल तुटते आणि गर्दीवर मर्यादा घालावी लागते हे शंभर वर्षांपूर्वीही माहीत होतं. अमेरिकेतला सिल्व्हर ब्रिज त्याच्या अधेमधे कुठेतरी बसतो. ओहायो नदीवरचा हा पूल १५ डिसेंबर १९६७ ला संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये पडला, ४६ माणसं गेली. त्याला तारांची केबल नव्हती, टोकाला भोक असलेल्या पोलादी पट्ट्यांची साखळी होती, प्रत्येक कडीत फक्त दोन पट्ट्या. त्यातल्या एकीत अडीच मिलिमीटरची चीर वर्षानुवर्षं वाढत होती, अशा जागी की पट्टी खोलल्याशिवाय दिसणं शक्यच नाही. ती तुटली आणि दुसरी एकटी काही तोलू शकली नाही, सगळा पूल खाली. देशभरातले पूल ठराविक काळाने तपासायचे हा अमेरिकेतला नियम त्यानंतर आला. असो, ते सगळं देखभालीचं आणि एकाच्या जागी दुसरा आधार ठेवण्याचं. टॅकोमाचं दुखणं वेगळं आहे, तिथे पूल नवा होता, सगळे जागे होते आणि तरीही पडला.

जागे होते म्हणजे किती, तर वॉशिंग्टन विद्यापीठातले प्रोफेसर फारकर्सन यांनी पुलाचं एक मॉडेल बनवलं होतं. शिवाय डेकच्या एका तुकड्याचं वेगळं मोठं मॉडेल, ते विंड टनेलमध्ये ठेवून वारा सोडून बघायचं. त्यांना कळलं होतं की खरा त्रास त्या उभ्या, सपाट पत्र्याच्या गर्डरचा आहे. ट्रस असता तर वारा जाळीतून आरपार गेला असता, इथे तो पत्र्यावर आपटून वरून आणि खालून वळतो, आणि वळताना भोवरे तयार होतात. त्यांनी दोन उपाय सुचवले. एक, गर्डरला भोकं पाडा म्हणजे हवा आरपार जाईल. दोन, गर्डरच्या बाहेरच्या अंगाला गोलसर किंवा निमुळतं आवरण लावा म्हणजे वारा आपटणार नाही, सरकून जाईल. भोकं पाडली तर परत बुजवता येत नाहीत म्हणून दुसरा उपाय ठरला. हा अभ्यास पुरा झाला आणि पाच दिवसांनी पूल पडला.

पाच दिवस. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता बसलो, आणि मग वाटलं की नाही, पाच दिवसांनी काय फरक पडणार होता, आवरण बसवायला किती तरी आठवडे गेले असते, थंडीतली वादळं तर सुरूच झाली होती. तरीसुद्धा.

७ नोव्हेंबर १९४० ची सकाळ. वारा ताशी ४० मैलांच्या आसपास, म्हणजे ६५-७० किलोमीटर, जोराचा आहे पण वादळ वगैरे म्हणावं असा नाही. पूल नेहमीसारखा वरखाली लाटा घेत होता, आता त्याची सवयच झाली होती सगळ्यांना. दहाच्या सुमारास पूल बंद केला. आणि साधारण त्याच वेळी मध्यावरचा, मुख्य केबलला घट्ट आवळून बसवलेला पट्टा एका बाजूने घसरला. आत्तापर्यंत दोन्ही केबल एकत्र वर, एकत्र खाली जात होत्या, आता एक वर तर दुसरी खाली. डेक पिळवटायला लागला. चार महिन्यांत असं एकदाही झालं नव्हतं. सगळ्यांनी चार महिने ज्या हालचालीवर उपाय शोधले, अंदाज बांधले, ज्याची भीती घालवून घेतली, ती हालचाल पुलाला पाडणारी नव्हतीच, पाडणारी वेगळीच होती आणि ती त्या सकाळी पहिल्यांदा आली. साधारण पाच सेकंदात एक पूर्ण हेलकावा, एक कड दुसरीपेक्षा २८ फूट वर, मग उलट.

पुलावर अडकलेली ती गाडी लेनर्ड कोट्सवर्थ नावाच्या, स्थानिक वर्तमानपत्रात काम करणाऱ्या माणसाची होती. तो गाडी सोडून हातापायांवर रांगत, खरचटत बाहेर आला, पण त्याच्या मुलीचा कुत्रा, टबी, गाडीतच राहिला. नंतर खुद्द फारकर्सन त्याला आणायला गेले, पण घाबरलेला कुत्रा त्यांनाच चावला. त्या दिवशी जीव गेला तो फक्त टबीचा. फिल्ममध्ये एक माणूस डेकवरून चालत परत येताना दिसतो, सगळा रस्ता दोन्ही बाजूंनी भयंकर आपटतोय आणि हा गडी रस्त्याच्या बरोबर मधल्या रेषेवरून चाललाय. कारण पिळवटणाऱ्या डेकमध्ये मधली रेषा जवळजवळ स्थिर असते. प्रोफेसर माणूस, मरायची वेळ आली तरी कुठे पाय ठेवायचा हे त्याला ठाऊक होतं. अकरा वाजून गेल्यावर मधला सहाशे फुटांचा तुकडा पडला, मग उरलेला, आणि मधलं वजन गेल्यावर बाजूचे स्पॅन खाली लोंबले, टॉवर मागे ओढले गेले.

कॅमेऱ्याचं दुकान चालवणाऱ्या बार्नी एलियटने आणि त्याच्या जोडीदाराने हे रंगीत १६ मिमी फिल्मवर घेतलं नसतं तर मला वाटतं की आज इंजिनिअर सोडून कुणालाही टॅकोमा माहीत नसतं. गंमत म्हणजे आपण बघतो ती फिल्म खऱ्यापेक्षा वेगात चालते. शूटिंग सेकंदाला १६ फ्रेमने झालेलं आणि पुढे ते २४ ने दाखवलं गेलं, म्हणजे प्रत्यक्षात पूल आपल्याला दिसतो त्याच्यापेक्षा संथ पिळवटत होता. माझ्या मते संथ असणं जास्त भयानक आहे.

आता ते रेझोनन्स प्रकरण. फिजिक्सच्या वर्गात अनुनाद शिकवताना हा पूल हटकून येतो. वाऱ्याची फ्रिक्वेन्सी आणि पुलाची स्वतःची फ्रिक्वेन्सी जुळली आणि पूल पडला, पुढचं उदाहरण घ्या. ऐकायला किती छान, एका वाक्यात संपतं. आणि ते बरोबर नाही. वारा त्या दिवशी बऱ्यापैकी एकसारखा वाहत होता, त्याला अशी काही फ्रिक्वेन्सी नव्हती. मग भोवऱ्यांची फ्रिक्वेन्सी म्हणावं, गर्डरवरून सुटणारे भोवरे ठराविक तालात सुटतात, तेव्हा ते जुळले असतील? त्या वाऱ्याला आणि ८ फुटांच्या गर्डरला ते सेकंदाला साधारण एक या हिशोबाने सुटायला हवेत, आणि पूल पिळवटत होता पाच सेकंदांत एकदा. ताल जुळतच नाही. १९९१ मध्ये बिल्लाह आणि स्कॅनलन या दोघांनी अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये लेख लिहून हे पाठ्यपुस्तकवाल्यांच्या नजरेस आणून दिलं, आणि तरी अजून तेच शिकवलं जातं.

मग झालं काय? झोक्याचं बघा. रेझोनन्स म्हणजे कुणीतरी मागे उभा राहून झोक्याच्या तालात बरोबर धक्का देतोय, धक्क्याचा ताल त्याचा स्वतःचा आहे आणि तो तुमच्या तालाशी जुळतो. टॅकोमात मागे कुणीच नव्हतं. झोक्यावर उभं राहून तुम्ही स्वतः कंबर वाकवून झोका चढवता ना, तसं काहीसं, ताल झोक्याचाच, ताकद दुसरीकडून आलेली. डेक थोडा पिळला की त्याच्या कडेवरून हवा वेगळी सुटते, भोवरा डेकच्या पृष्ठभागावरून सरकत जातो आणि डेक ज्या दिशेला वळतोय त्याच दिशेला त्याला ढकलतो. डेक जास्त वळला की ढकलही वाढते. म्हणजे भोवऱ्याचा ताल पुलाला हलवत नाही, पुलाची हालचालच ते भोवरे घडवते. एरवी कुठल्याही वस्तूत हालचाल हळूहळू मरते कारण घर्षण वगैरे ऊर्जा खातं, त्याला डँपिंग म्हणतात. इथे उलटं, प्रत्येक हेलकाव्याला वाऱ्यातून ऊर्जा आत येत होती आणि बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त येत होती. विमानवाल्यांना हे पंखांच्या बाबतीत माहीत होतं, ते याला फ्लटर म्हणतात. पूलवाल्यांना माहीत नव्हतं, कारण विमानवाले आणि पूलवाले एकमेकांशी बोलत नव्हते.

मला यात चिडायला काय होतं सांगू का, रेझोनन्सची गोष्ट दोषाला पुलाच्या बाहेर ठेवते. जणू नशिबाने एक विशिष्ट वारा आला आणि तो नेमका जुळला. फ्लटरची गोष्ट सांगते की त्या आकाराच्या डेकला एका वेगाच्या वरचा कुठलाही वारा पुरला असता. आज नाही तर पुढच्या महिन्यात. त्या पुलाला योगायोगाची गरज नव्हती.

आणि सगळ्यात अवघड भाग असा की हे पूर्वी कुणी पाहिलंच नव्हतं असंही नाही. इंग्लंडमधल्या ब्रायटनचा चेन पिअर, म्हणजे समुद्रात गेलेला धक्का, तोही साखळ्यांवर लटकलेलाच, १८३६ मध्ये वादळात मोडला, आणि त्याची एका लष्करी अधिकाऱ्याने काढलेली रेखाचित्रं आहेत, डेक अगदी तसाच पिळलेला दिसतो. वेल्समधला इंजिनिअर टेलफर्डचा मेनाई पूल १८२६ ला उघडला आणि वाऱ्याने त्याचा डेक पुन्हापुन्हा मोडला. अमेरिकेतच ओहायो नदीवरचा व्हीलिंगचा पूल, हजार फुटांचा, चार्ल्स एलेट यांचा, १७ मे १८५४ ला वाऱ्यात पडला, आणि तेव्हा वर्तमानपत्रात आलेलं प्रत्यक्षदर्शीचं वर्णन वाचलं तर टॅकोमाची फिल्म बघूनच लिहिलंय असं वाटतं, डेक टॉवरच्या उंचीपर्यंत उसळला, पिळला, उलटा झाला. झुलते पूल बांधणारे इंजिनिअर जॉन रोबलिंग हे सगळं बघत होते. त्यांनी त्यातून नायगाराचा पूल १८५५ मध्ये असा बांधला की वरून रेल्वे जायची, आणि त्यांनी पुन्हापुन्हा लिहिलं की झुलत्या पुलाला वजन पाहिजे, ट्रस पाहिजे, तिरके ताण पाहिजेत. ब्रुकलिन ब्रिजच्या त्या पंख्यासारख्या तिरक्या तारा तिथूनच आल्या.

मग ऐंशी-नव्वद वर्षांत हे कुठे गेलं? कुठे गेलं नाही, पूल पडायचे थांबले एवढंच. रोबलिंग यांच्या पद्धतीचे पूल वाऱ्याला उभे राहिले, त्यामुळे वारा हा प्रश्नच नाही असं वाटायला लागलं, आणि मग ट्रस कशासाठी आहे तर गाड्यांच्या वजनासाठी, असं नवीन पिढीने समजून घेतलं. मग गणित आलं की गाड्यांसाठी ट्रस लागत नाही. मग ट्रस काढला. प्रत्येक पायरी वेगळी बघितली तर बिनचूक आहे.

चौकशीला तीन जण होते, ओथमार अम्मान, ग्लेन वुडरफ आणि हवेच्या प्रवाहाचे जगातले एक नंबरचे जाणकार थिओडोर फॉन कारमान. रिपोर्टमध्ये त्यांनी म्हटलं की पुलाचं डिझाइन त्यावेळच्या मान्य पद्धतीप्रमाणेच होतं, बांधकाम उत्तम होतं, कुणा एकाला जबाबदार धरता येत नाही. याला कुणी सारवासारव म्हणेल, मला ते प्रामाणिक वाटतं, आणि थोडं स्वतःला वाचवणारंही, कारण अम्मान यांचा स्वतःचा न्यूयॉर्कमधला ब्रॉन्क्स-व्हाइटस्टोन पूल आदल्याच वर्षी उघडलेला, तोही पत्र्याच्या गर्डरचाच आणि तोही हलत होता. कारमान यांनी पुढे लिहून ठेवलंय की पूलवाल्यांना पूल विंड टनेलमध्ये ठेवायचा म्हणजे काय, हेच पचत नव्हतं. आणि राज्याच्या गव्हर्नरने जाहीर केलं की अगदी तसाच पूल पुन्हा बांधू, तेव्हा कारमान यांनी तार केली, तसाच बांधलात तर तसाच पडेल. अशी तार करता आली पाहिजे माणसाला.

मॉइसिफ यांना मात्र रिपोर्टने वाचवलं तरी व्यवसायाने नाही वाचवलं. १९४३ मध्ये हृदयविकाराने गेले. पुढे अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला, तो अजून देतात, आणि मला ते योग्यच वाटतं. एल्ड्रिजचं नशीब आणखी विचित्र. तो नेव्हीच्या कामावर ग्वामला गेला, तिथे जपान्यांनी त्याला पकडलं, आणि कैदेत असताना अमेरिकेत शिकलेला एक जपानी अधिकारी त्याला ओळखून समोर येऊन म्हणाला, टॅकोमा ब्रिज! ज्याचं डिझाइन नाकारलं गेलं त्यालाही तो पूल जगाच्या त्या टोकाला सोडत नव्हता. आणि एक विमा एजंट, त्याने पुलाच्या विम्याच्या हप्त्याचे पैसे कंपनीला न भरता खिशात घातले होते, कारण एवढा मोठा पूल कशाला पडतोय. तो तुरुंगात गेला. खरं म्हणजे त्याचा पुलावरचा विश्वास बाकी सगळ्यांइतकाच होता.

नवीन पूल १४ ऑक्टोबर १९५० ला उघडला, जुन्याच पाण्यातल्या पायांवर. चार लेन, ३३ फुटांचे ट्रस, डेकमध्ये हवा जायला जाळ्या, आणि बांधायच्या आधी फारकर्सन यांनी मॉडेल विंड टनेलमध्ये घालून झोडपून काढलेलं. व्हाइटस्टोनला १९४६ मध्ये ट्रस चढवले. गोल्डन गेट १ डिसेंबर १९५१ ला इतका हलला की काही तास बंद ठेवावा लागला, नंतर त्याला खालून आडवे ताण घातले. मग इंग्रजांनी १९६६ मध्ये सेव्हर्न पूल बांधला त्यात जाड ट्रसच नव्हता, डेकच विमानाच्या पंखासारख्या निमुळत्या पोकळ पेटीचा. म्हणजे परत बारीक, परत सुंदर, पण ह्यावेळी वाऱ्याला विचारून. आणि व्हाइटस्टोनचे ते ट्रस अलीकडे काढून टाकले, त्यांच्या जागी कडेला निमुळती हलकी आवरणं बसवली. फारकर्सन यांनी १९४० मध्ये जे सुचवलं होतं, साधारण तेच.

५ मे २०२० ला चीनमधला हूमेन पूल अचानक लाटा घ्यायला लागला. ८८८ मीटरचा स्पॅन, १९९७ पासून बिनतक्रार चाललेला, डेक सेव्हर्नसारखाच निमुळत्या पेटीचा, आणि वाराही फार नव्हता. व्हिडिओत गाड्या खाली जातात आणि परत वर येतात. टॅकोमासारखं फ्लटर नव्हतं हे, भोवऱ्यांमुळे होणारी मर्यादित वरखाली हालचाल होती, पूल पडणार नव्हता, पण लोकांचा जीव वर आला. कारण शोधलं तर देखभालीच्या कामासाठी डेकच्या दोन्ही कडांना पाणी भरलेले प्लास्टिकचे तात्पुरते अडथळे ओळीने लावले होते. कंबरेएवढी उंची. तेवढ्याने डेकचा आकार वाऱ्याच्या लेखी बदलला. ते काढले, तपासण्या झाल्या, दहा दिवसांनी पूल उघडला. अडथळे लावणाऱ्यांनी सुरक्षेसाठीच लावले होते.